सर्पनृत्य कुणाचे? पडद्यावरच्या नृत्याचा आणि त्याच्या मालकीचा इतिहास

समाजमाध्यमांवर एक जुनी चित्रफीत दर काही महिन्यांनी नव्याने फिरू लागते. गडद पार्श्वभूमीवर एक स्त्री उभी आहे. अंगात पायघोळ पांढरा झगा. तिचे दोन्ही हात फिरू लागतात आणि कापडाच्या लाटा उठतात. त्या कधी फुलासारख्या उमलतात, कधी फुलपाखराच्या पंखांसारख्या मिटतात, आणि पाहता पाहता पांढऱ्याचे केशरी, केशरीचे हिरवे होत जाते. खाली बहुधा एकच ओळ असते : लोई फुलर यांचे प्रसिद्ध सर्पनृत्य.

त्या चित्रफितीतील स्त्री लोई फुलर नसते. फुलर यांच्या नावाने आज फिरणाऱ्या जवळजवळ सर्व फिती त्यांचे अनुकरण करणाऱ्या इतर नर्तकींच्या आहेत.

ही चूक किरकोळ वाटेल. पण तिच्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा एक वाद आहे. नर्तकाने रचलेली हालचाल कॅमेऱ्याने टिपली, की ती कुणाची होते? जिने ती रचली तिची, जिने ती पडद्यावर केली तिची, की ज्याच्या हातात यंत्र होते त्याची? केवळ पडद्यासाठी घडविलेल्या छोट्या नृत्यपटांचा इतिहास या प्रश्नाला वळसा घालून सांगताच येत नाही. आजचा धागा त्याविषयी.

फुलर यांचा जन्म १८६२ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यात झाला. नृत्याचे रीतसर शिक्षण त्यांना फारसे मिळाले नव्हते. नाटकमंडळ्यांतून लहानमोठी कामे करीत त्या पुढे आल्या. १८९२ च्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये त्यांनी जे सादर केले, ते प्रेक्षकांना अगदी नवे होते. त्या काळच्या करमणुकीच्या नाचाचे भांडवल म्हणजे नर्तकीचे शरीर. फुलर यांनी शरीर कापडात दडविले आणि कापडालाच नाचविले. रेशमाचे प्रचंड घेर, त्यांवर वेगवेगळ्या दिशांनी पडणारे रंगीत झोत आणि भोवती काळोख. रंगमंचावर विजेचा प्रकाश तेव्हा अजून कौतुकाचा विषय होता. फुलर यांनी त्याला नृत्याचा जोडीदार केले.

यश आले, तशा नकलाही आल्या. मिनी रेनवूड बेमिस नावाची नर्तकी तेच सर्पनृत्य करू लागली, तेव्हा फुलर न्यायालयात गेल्या. नृत्याचे लेखी वर्णन त्यांनी आधीच स्वामित्वहक्कासाठी नोंदविलेले होते. त्या आधारावर बेमिस यांच्याविरुद्ध मनाई हुकूम मिळावा, अशी त्यांची मागणी होती.

जून १८९२ मध्ये न्यायाधीश लॅकोंब यांनी ती फेटाळली. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात नृत्याला स्वतःची जागा नव्हती. संरक्षण हवे असेल तर नृत्याने ‘नाट्यकृती’ म्हणून उभे राहावे लागे. न्यायाधीशांचे म्हणणे थोडक्यात असे : या नृत्यात कथा नाही, पात्र नाही, कोणत्याही भावनेचे चित्रण नाही, आहेत त्या केवळ डौलदार हालचाली, वस्त्रांची मांडणी आणि प्रकाशाचा खेळ. यात नाट्य कुठे आहे?

म्हणजे फुलर यांच्या कलेत जे नवे होते, नेमके तेच त्यांच्या विरोधात गेले. कथेचा आधार सोडून निव्वळ गती, रंग आणि आकार यांवर उभे राहिलेले हे नृत्य कायद्याच्या नजरेस पडलेच नाही.

या निकालानंतर दीड वर्षाने, जानेवारी १८९४ मध्ये, त्याच देशाच्या स्वामित्वहक्क कार्यालयात एडिसन यांच्या प्रयोगशाळेतील एक छोटी चित्रफीत नोंदविली गेली. तिच्यात फ्रेड ऑट नावाचा कर्मचारी तपकीर ओढून शिंकतो. बस, एवढेच. चित्रफीत छायाचित्र म्हणून नोंदविता येत होती, म्हणून शिंकेला संरक्षण मिळाले. नृत्याला मिळाले नव्हते.

फुलर हार मानणाऱ्या नव्हत्या. त्या पॅरिसला गेल्या. तिथल्या ‘फोली बेर्जेर’ या प्रख्यात करमणूकगृहात पोहोचल्या, तर त्यांच्याच नृत्याची नक्कल तिथे आधीच चालू होती! तरीही काही आठवड्यांत पॅरिस त्यांचे झाले. नृत्याची मालकी मिळत नाही म्हणताच त्यांनी दुसरा मार्ग धरला. एप्रिल १८९४ मध्ये त्यांना अमेरिकेत नर्तकीच्या पोशाखाचे पेटंट मिळाले. झग्याच्या आत बसविलेल्या वक्र काठ्या हातात धरून कापड उंचावर कसे फिरवावे, हे त्यात आकृत्यांसह दिले आहे. आरशांच्या मांडणीसाठी आणि रंगमंचाखालून येणाऱ्या प्रकाशाच्या योजनेसाठीही त्यांनी पेटंटे घेतली. काठी, काच, आरसा यांवर त्यांचा हक्क कायद्याने मान्य केला. त्या साऱ्यांतून जे निर्माण होत होते, त्यावर नाही.

आता अटलांटिकच्या पलीकडे, पुन्हा अमेरिकेत, न्यू जर्सीतील वेस्ट ऑरेंज येथे जाऊ. १८९३ मध्ये तिथे एडिसन यांच्या प्रयोगशाळेच्या आवारात चित्रीकरणासाठी एक विचित्र इमारत उभी राहिली. बाहेरून डांबरी कागदाने मढविलेली, छताचा भाग वर उघडणारा, आणि सूर्य फिरेल तशी अख्खी इमारत रुळांवर फिरविता येणारी. काळ्या रंगामुळे आणि कोंदटपणामुळे कामगार तिला कैद्यांच्या गाडीच्या बोलीभाषेतील नावाने, ‘ब्लॅक मारिया’ म्हणून हाक मारीत.

१८९४ मध्ये या इमारतीत अ‍ॅनाबेल व्हिटफर्ड नावाची सोळा वर्षांची मुलगी येऊन नाचून गेली. तिचे सर्पनृत्य किनेटोस्कोपमध्ये पाहावयास मिळू लागले. किनेटोस्कोप म्हणजे एक उंच लाकडी पेटी. तिच्या वरच्या भिंगात डोळा लावून एका वेळी एकाच माणसाने आत पाहायचे. काही सेकंदांचा खेळ. अ‍ॅनाबेलची फीत एवढी खपली, की प्रती काढून काढून मूळ फीत झिजली आणि तेच नृत्य पुन्हा पुन्हा चित्रित करावे लागले. काही प्रतींवर चौकटीगणिक हाताने रंग भरला जाई. कृष्णधवल फितीत झगा रंग बदलताना दिसतो, तो असा.

पहिल्या काळातील चित्रपटाला सर्पनृत्याची एवढी ओढ का लागली, याचे कारण यंत्राच्या मर्यादांत आहे. कॅमेरा जागचा हलत नसे. फुलर यांची नर्तकी एका जागी उभी राहूनच सारे अवकाश भरून टाकते. चित्रफितीला आवाज नव्हता; या नृत्याला शब्दांची गरजच नव्हती. फीत काही सेकंदांची. इथे आरंभ-मध्य-अंत असलेली कथा सांगायची नव्हती. आणि रंग भरण्यासाठी सतत आकार बदलणारा पांढरा पृष्ठभाग आयताच मिळत होता. न्यायालयाने ज्या गुणांना दोष मानले, त्याच गुणांमुळे हे नृत्य चित्रपटाच्या सोयीचे ठरले. २३ एप्रिल १८९६ रोजी न्यूयॉर्कच्या कोस्टर अँड बियल्स संगीतगृहात एडिसन यांच्या नावाने व्हायटास्कोपचा पहिला सार्वजनिक खेळ झाला, तोही दोन मुलींच्या छत्रीनृत्याने उघडला. पाठोपाठ फ्रान्समध्ये ल्युमिएर बंधूंच्या कंपनीने आणि इतरांनी आपापली सर्पनृत्ये चित्रित केली.

अ‍ॅनाबेलला चोर ठरविणे अन्यायाचे होईल. १८९२ च्या निकालानंतर सर्पनृत्य कुणाचेच नव्हते, म्हणून ते सर्वांचे होते. तिने जे केले, ते त्या वेळी शेकडो नर्तकी करीत होत्या, आणि उत्तम केले. खंत वेगळीच आहे. कॅमेऱ्याने नृत्य जपले, नाव जपले नाही. प्रत रसिकांच्या हाती राहिली आणि मूळ नर्तकीचे नाव लेबल म्हणून त्या प्रतीवर चिकटले.

फुलर स्वतः चित्रपटाकडे वळल्या, तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर होत्या. रुमानियाच्या राणी मारी यांच्या कथेवर त्यांनी आपल्या सहकारी गाब सोरेर यांच्यासह ‘ल लिस द ला व्ही’ हा चित्रपट केला, तो १९२१ च्या सुमारास. त्यात त्यांनी मंदगती वापरली, निगेटिव्ह प्रतिमा वापरली. माणसे काळ्याची पांढरी आणि पांढऱ्याची काळी होऊन सावल्यांसारखी सरकतात. पुढे दिग्दर्शक म्हणून नावाजलेले रने क्लेर त्यात तरुण नट म्हणून दिसतात. तीस वर्षे रंगमंचावर प्रकाशाशी झगडलेल्या या बाईंना, नृत्य टिपणे आणि नृत्य चित्रपटातच घडविणे यांतला फरक सर्वांत आधी उमगला होता, असे म्हणावयास हरकत नाही. १ जानेवारी १९२८ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

बोलपट आल्यावर हॉलिवुडने नृत्याला दोन टोकांच्या रूपांत वापरले. फ्रेड अ‍ॅस्टेअर यांचा आग्रह असे, की नर्तक डोक्यापासून पायापर्यंत दिसावा आणि कापाकापी शक्यतो नसावी. बझ्बी बर्कली यांनी उलट कॅमेरा छताला नेला. वरून पाहिलेल्या डझनावारी नर्तकी पाकळ्यांसारख्या उघडमिट करू लागल्या. दोन्ही विलोभनीय. पण पहिल्यात कॅमेरा नम्र साक्षीदार होता, आणि दुसऱ्यात नर्तकी हा नक्षीचा ठिपका. कॅमेरा आणि नर्तक यांची बरोबरीची जोडी अजून जुळायची होती.

ती जुळली १९४५ मध्ये. जेमतेम तीन मिनिटांच्या, कृष्णधवल, पूर्णतः मूक अशा एका लघुपटात. नाव : ‘अ स्टडी इन कोरिओग्राफी फॉर कॅमेरा’.

माया डेरेन यांचा जन्म १९१७ मध्ये कीवमध्ये झाला. मूळ नाव एलिओनोरा डेरेनकोव्स्का. त्या पाच वर्षांच्या असताना हे ज्यू कुटुंब अमेरिकेत आले. १९४० नंतर त्या नर्तकी आणि मानववंशशास्त्रज्ञ कॅथरीन डनहॅम यांच्या सचिव झाल्या आणि त्यांच्या कंपनीबरोबर गावोगाव फिरल्या. डनहॅम यांची कंपनी कृष्णवर्णीय नर्तकांची होती. वंशभेदाच्या त्या काळात त्यांना हॉटेलांत जागा नाकारली जाई. प्रेक्षागृहांतही कृष्णवर्णीयांना वेगळे बसविले जाई. १९४४ मध्ये लुईव्हिल येथील प्रयोगानंतर डनहॅम यांनी मंचावरूनच प्रेक्षकांना सुनावले होते, की आमच्या लोकांना तुमच्या शेजारी बसू दिले जात नाही तोवर आम्ही इथे परत येणार नाही. डेरेन यांची नृत्याची समज या कंपनीत घडली. टॅली बीटी हे त्याच कंपनीचे नर्तक.

१९४३ मध्ये पती अलेक्झांडर हॅमिड यांच्याबरोबर डेरेन यांनी ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’ केला होता. वडिलांच्या मागे मिळालेल्या पैशांतून त्यांनी १६ मिमीचा बोलेक्स कॅमेरा घेतला होता. हा कॅमेरा घड्याळासारखा किल्ली देऊन चालतो. एका किल्लीत अर्धा मिनिटसुद्धा पुरत नाही. पण त्याला एक मोठी सोय आहे : सेकंदाला आठ चौकटींपासून चौसष्ट चौकटींपर्यंत वेग हाताने बदलता येतो. जास्त चौकटी टिपल्या, की पडद्यावर हालचाल संथ होते. कमी टिपल्या, की ती झपाट्याने धावते. हे ध्यानात ठेवले, तर पुढचे समजणे सोपे जाईल.

चित्रपट बर्चच्या रानात सुरू होतो. कॅमेरा एका जागी उभा राहून हळूहळू गोल फिरतो. झाडांमध्ये बीटी दिसतात, संथपणे अंग उलगडत असलेले. कॅमेरा त्यांना मागे टाकून पुढे जातो, आणि पुढच्या झाडांतही बीटीच! मग पुन्हा, आणि पुन्हा. एका फेरीत एकच माणूस चार ठिकाणी भेटतो, आणि दर वेळी त्याचे नृत्य आधी जिथे होते तिथून पुढे गेलेले असते.

मग बीटी रानात पाय उचलतात आणि तो पाय एका घराच्या खोलीत टेकतात. मध्ये कापणी आहे, पण शरीराच्या हालचालीत खंड नाही. रानापासून खोलीपर्यंतचे अंतर एका पावलाने संपते. तिथून पुढे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाचे इजिप्शियन दालन. मग अनेक मुखांच्या एका मूर्तीसमोर चेहरा जवळून दिसतो आणि बीटी गिरक्या घेऊ लागतात. आरंभी त्या इतक्या मंद आहेत, की चेहरा स्वप्नात वळावा तसा वळतो. मग वेग वाढत जातो, वाढतच जातो, आणि शेवटी चेहऱ्याच्या रेषाच पुसल्या जातात. इथे गती नर्तकाच्या पायांत जितकी आहे, तितकीच कॅमेऱ्याचा वेग बदलणाऱ्या बोटांत आहे.

आणि शेवटी ती प्रसिद्ध झेप. जमिनीवरून सुटलेले शरीर वर जाते, तरंगते, तरंगतच राहते. अनेक तुकडे जोडून केलेली ही झेप कुठल्याही मानवी झेपेच्या कित्येक पट लांबते. बीटी खाली येतात ते नदीकाठच्या उंच, मोकळ्या खडकावर. गुडघे वाकवून स्थिरावतात, समोर विस्तीर्ण पाणी. चित्रपट संपतो.

हे नृत्य रंगमंचावर करता येणार नाही. याचा अर्थ ते ‘केवळ’ कॅमेऱ्याची करामत आहे असे अनेकांना वाटते, आणि तिथेच वाचन चुकते. पाय रानातून खोलीत टेकतो तेव्हा जोड दिसत नाही, कारण दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या जमिनींवर बीटी यांनी तोच ताण, तोच तोल, तीच उंची राखली आहे. झेप तरंगते, कारण प्रत्येक तुकड्यात शरीराची रेषा तुटत नाही. सामान्य नर्तकाला घेऊन हा चित्रपट केला असता, तर त्यातली प्रत्येक कापणी उघडी पडली असती.

डेरेन यांना हे ठाऊक होते. या चित्रपटाला ‘पा द द’, म्हणजे द्विनृत्य, असेही म्हणता येईल असे त्यांनी सुचविले होते. पडद्यावर नर्तक एकच, दुसरा नर्तक कॅमेरा. आणि श्रेयनामावलीत कृतीचे कर्ते म्हणून त्यांनी दोन नावे दिली : माया डेरेन आणि टॅली बीटी. १९४५ ची अमेरिका ध्यानात घ्या. न्यूयॉर्क सिटी बॅलेसारख्या पुढे नामांकित झालेल्या संस्थेत आर्थर मिचेल यांना प्रवेश मिळायला अजून दहा वर्षे होती. अशा वेळी एका कृष्णवर्णीय नर्तकाला ‘कलाकार’ म्हणून नव्हे, तर सहकर्ता म्हणून पडद्यावर नाव मिळाले.

फेब्रुवारी १९४६ मध्ये डेरेन यांनी न्यूयॉर्कचे प्रॉव्हिन्सटाउन प्लेहाउस भाड्याने घेऊन आपले तीन चित्रपट दाखविले. त्यांत हा होता. त्याच वर्षी त्यांना गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली. न्यूयॉर्क टाइम्सचे नृत्यसमीक्षक जॉन मार्टिन यांनी या नव्या प्रकारासाठी ‘कोरेसिनेमा’ असा शब्दही सुचविला. शब्द टिकला नाही, प्रकार टिकला.

पुढच्या इतिहासलेखनाने मात्र नामावलीतील दोन नावांचे एक केले. चित्रपटाच्या इतिहासात हा ‘डेरेन यांचा चित्रपट’ झाला आणि बीटी हे त्यातले देखणे शरीर. हा दोष डेरेन यांचा नाही. चित्रपट म्हटला की एकच कर्ता शोधणाऱ्या अभ्यासकांचा आहे. बीटी यांचे आयुष्य त्या झेपेवर थांबले नव्हते. १९४७ मध्ये त्यांनी ‘सदर्न लँडस्केप’ ही रचना केली. यादवी युद्धानंतरच्या काळात अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांवर झालेल्या हिंसाचाराचा संदर्भ तिला होता. तिच्यातील ‘मोर्नर्स बेंच’ हे एका बाकावरचे एकलनृत्य आजही आधुनिक नृत्यातील मानाचे मानले जाते. ‘द रोड ऑफ द फीबी स्नो’सारख्या त्यांच्या रचना आल्विन एली यांच्या कंपनीने पुढे सादर केल्या. १९९५ मध्ये बीटी गेले. डेरेन १९६१ मध्येच, अवघ्या चव्वेचाळीसाव्या वर्षी गेल्या होत्या.

डेरेन आणि बीटी यांनी दार उघडल्यावर आत बरेच जण आले. स्वतः नर्तकी असलेल्या शर्ली क्लार्क यांनी १९५३ मध्ये ‘डान्स इन द सन’ केला. त्यात डॅनियल नॅग्रिन यांचे एकच नृत्य रंगमंच आणि समुद्रकिनारा यांच्यात उड्या मारीत राहते. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळात नॉर्मन मॅक्लॅरेन यांनी १९६८ मध्ये ‘पा द द’ केला. मार्गारेट मर्सिए आणि व्हिन्सेंट वॉरेन हे पांढऱ्या वेशातले दोन नर्तक, काळी पार्श्वभूमी, फक्त बाजूंनी येणारा प्रकाश. त्यामुळे शरीराच्या जागी केवळ उजळ कडा उरते. मॅक्लॅरेन यांनी त्याच चौकटी थोड्या थोड्या अंतराने एकावर एक पुन्हा छापल्या, कुठे कुठे अकरा वेळा. नर्तकी हात हलविते आणि मागे तिच्याच हातांचा पिसारा उरतो. तेरा मिनिटांचा हा चित्रपट एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. लुडमिला शिरिएफ यांची त्यातली नृत्यरचना मात्र फारच थोड्यांच्या लक्षात राहते. फुलर यांच्या झग्याचा हा वंशजच. आणि नाव हरविण्याची खोडही तीच.

दरम्यान कायदा कूर्मगतीने सरकत होता. १९५२ मध्ये हान्या होल्म यांनी ‘किस मी, केट’ या संगीतिकेतील आपली नृत्यरचना लॅबनोटेशन या लिपीत लिहून काढून अमेरिकेत नोंदविली. नृत्यासाठीच्या या चिन्हलिपीत शरीराची दिशा, उंची आणि कालावधी उभ्या रकान्यांत लिहितात. पण नृत्यरचनेला स्वतःच्या नावाने जागा मिळाली ती १९७६ च्या कायद्यात. तो १ जानेवारी १९७८ पासून लागू झाला. फुलर यांच्या पराभवाला तोवर पंच्याऐंशी वर्षे उलटली होती. अट एक : रचना कुठल्यातरी टिकाऊ माध्यमात उतरवलेली हवी. लिपी जाणणारे मूठभर, त्यामुळे व्यवहारात ते माध्यम ठरले चित्रीकरण. ज्या कॅमेऱ्याने फुलर यांच्या नृत्याची नाळ त्यांच्यापासून तोडली, तोच आता नृत्यरचनाकाराचा साक्षीदार झाला.

भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याकडेही या निमित्ताने पाहण्यासारखे आहे. त्यात नृत्यरचना ‘नाट्यकृती’च्या व्याख्येत बसविली आहे, म्हणजे १८९२ च्या न्यायालयाला जे पटले नव्हते ते इथे कलमातच आहे. रचना लेखी वा अन्य रीतीने निश्चित केलेली असावी, असेही म्हटले आहे. आणि त्याच वाक्याच्या अखेरीस चित्रपट या व्याख्येत येत नाही, असा खुलासा आहे. चित्रपटाचा हक्क वेगळा, तो कायद्याच्या दृष्टीने निर्मात्याकडे जातो. केवळ पडद्यावरच अस्तित्वात असलेल्या नृत्याला, डेरेन आणि बीटी यांच्या झेपेसारख्या गोष्टीला, या दोन खणांपैकी कोणत्या खणात ठेवावे? व्याख्या लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असे नृत्य नसावे.

शेवटचा प्रसंग बेल्जियममधला. १९८३ मध्ये ब्रसेल्सच्या अ‍ॅन तेरेसा द केर्समाकर यांनी ‘रोझास डान्स्ट रोझास’ ही चार स्त्रियांची रचना केली. तिचा एक भाग खुर्च्यांवर बसून होतो. मान झटक्यात वळते, हात केसांतून फिरतो, खांद्यावरून सदरा सरकतो, पुन्हा ओढला जातो, पायावर पाय चढतो. रोजच्या, थकलेल्या, कंटाळलेल्या हालचाली; पण यंत्राच्या काटेकोरपणाने पुन्हा पुन्हा. १९९७ मध्ये संगीतकार तिएरी द मे यांनी तिचा सुमारे तासाभराचा चित्रपट केला, लूव्हेन गावातील हेन्री व्हान द व्हेल्डे या वास्तुरचनाकाराच्या जुन्या तंत्रशाळेत. मोठमोठ्या काचा, रिकामे वर्ग, लांबच लांब मार्गिका. कॅमेरा काचेपलीकडून आत डोकावतो. इमारतच पाचवी नर्तकी वाटते.

ऑक्टोबर २०११ मध्ये गायिका बियॉन्से यांच्या ‘काउंटडाउन’ गाण्याची चित्रफीत आली. तिच्यात या चित्रपटातील आणि द केर्समाकर यांच्याच ‘आख्तरलँड’मधील हालचाली, वेश, चित्रचौकटीसुद्धा ओळखू येत होत्या. दोन्ही फिती शेजारी शेजारी ठेवून लोकांनी त्या जगभर फिरविल्या. द केर्समाकर यांनी ही उचल असल्याचे जाहीरपणे सांगितले, मात्र आपण संतापलेलो नाही आणि हा सन्मान आहे असेही वाटत नाही, अशी जोड दिली. बियॉन्से यांनी ती रचना आपल्या अनेक प्रेरणांपैकी एक असल्याचे मान्य केले. फुलर यांना स्वतःची कृती ओळखून दाखविण्यासाठी न्यायालयात शब्दांचा आधार घ्यावा लागला होता. इथे १९९७ चा चित्रपट होता, आणि शब्दांची गरज फारशी पडली नाही.

दोन वर्षांनी, २०१३ मध्ये, रचनेला तीस वर्षे होत असताना द केर्समाकर यांनी एक अनपेक्षित गोष्ट केली. ‘रे:रोझास!’ या नावाने त्यांनी खुर्च्यांवरचा तोच भाग सर्वांसाठी खुला केला. संकेतस्थळावर त्या स्वतः आणि त्यांच्या कंपनीतील नर्तकी समांथा व्हान विसेन पायरीपायरीने शिकवितात : मान केव्हा वळवायची, हात कुठे थांबवायचा, मोजणी कशी ठेवायची. ते शिकून, आपल्या पसंतीच्या जागी, आपल्या पद्धतीने चित्रित करून पाठवावे, असे आवाहन होते. देशोदेशींहून फिती येत गेल्या. जिम्नॅशियम, गच्च्या, अंगणे, वर्गखोल्या. कुठे चारजणी, कुठे चाळीसजण. कुणाचा कॅमेरा स्थिर, कुणाचा हलता. मूळ रचना कुणाची, हे प्रत्येकाला ठाऊक. खुर्च्या मात्र ज्याच्या त्याने घरून आणायच्या.